फरशी चढली, दारं अडली

आमच्या पुण्यातल्या बिल्डिंगला आता पस्तीस वर्षं होतील. जुन्या मोझॅक फरश्या फोडायच्या म्हणजे राडारोडा, धूळ, खालच्या मजल्यावरच्यांचे फोन. म्हणून जुन्यावरच नवीन व्हिट्रिफाईड टाईल्स चिकटवायच्या असं ठरलं. टाईल 10 मिलिमीटर, खाली चिकटवायचा मसाला 4. म्हणजे अख्खं घर 14 मिलिमीटर वर आलं. दारांखालची फट होती जेमतेम 6. पुढचं गणित तिसरीतलं पोरही करेल :-)

आमच्या धंद्यात ह्याला डिपेन्डन्सी म्हणतात. सुतारमामा म्हणतात, "फरशी झाली की मलाच बोलवतात."

बेडरूमची दारं सोपी. दार उघडताना फरशीवर जिथे सगळ्यात जास्त उंचवटा लागतो, तिथलं माप धरायचं, उंबऱ्यापाशी नाही. फरशी दिसते सपाट, असतेच असं नाही. मामांनी टाईलचा एक तुकडा फरशीवर ठेवला, त्यावर पेन्सिल आडवी धरली आणि तुकडा दाराच्या कडेने सरकवत नेला. झाली रेघ! मग बिजागरीचे स्क्रू खालून वर काढत आले, सगळ्यात वरची शेवटी. नाहीतर दार अंगावर येतं. कापायच्या आधी रेघेवर धारदार पात्याने चर पाडला, म्हणजे सनमायका उडत नाही. फ्लश डोअरला आत चारही बाजूंनी लाकडी पट्टी असते, त्यामुळे सेंटिमीटरभर कापलं तर बिघडत नाही. मात्र कापलेली कड उघडी ठेवायची नाही. प्राईमर आणि ऑईलपेंट लावायचाच. तिथे कोणी बघत नाही, पण पावसाळा बघतो.

खरा प्रश्न बाथरूमचा होता. गंमत म्हणजे ते दार अडतच नव्हतं! ते आत उघडायचं आणि आतली फरशी खालीच होती. मामा म्हणाले, ह्याला हात लावायला नको.

पण घरात आई आहे. वय 79, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालते. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडलं तर त्याच्याच अंगाने दार अडतं, बाहेरून ढकलावं तर त्यालाच लागतं. तेव्हा सगळी दारं उतरलीच आहेत, तर हे बाहेर उघडणारं करू, असं मी म्हटलं. आईला पटेना. "अरे, पॅसेजमधून जाणाऱ्याच्या तोंडावर आपटेल ते!" मुद्दा बरोबरच होता. म्हणून बिजागऱ्या अशा बाजूला घेतल्या की उघडलेलं दार भिंतीला टेकतं.

दार नवीनच करावं लागलं, कारण चौकटीतली जुनी खाच आतल्या बाजूला. ती पट्टी ठोकून भरली आणि दार बाहेरच्या कडेला आणलं. आता दार फिरणार पॅसेजवरून, म्हणून माप नव्या फरशीपासून. खाली 12 मिलिमीटर फट मुद्दाम ठेवली, एक्झॉस्ट फॅनला हवा तर आत यायला हवी ना! (गॅस गिझर बाथरूममध्येच असेल तर ही फट अजिबात बुजवू नका, आणि फट आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. तो गिझर बाहेरच हवा.) आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॉक बसवलं.

ह्यात एक फायदा फुकटात झाला. बाथरूमचा उंबरा जुन्या फरशीपासून 20 मिलिमीटर वर होता, आता 6 राहिलाय. वॉकर अडखळत नाही. आतली फरशी खालीच असल्यामुळे पाणीही बाहेर येत नाही. पण आत उतरायची पायरी तेवढीच वाढली, म्हणून त्या भिंतीला धरायला स्टीलचा दांडा लावला.

स्वयंपाकघराचं दार मात्र कापलंच नाही. गेल्या वीस वर्षांत ते कोणी लावल्याचं आठवत नाही. सध्या गॅलरीत उभं आहे, सागवानी आहे. कोणाला हवं असेल तर घेऊन जा.