ब्लूने जा, ॲक्वा पकडा

मुंबईच्या उपनगरांत काही इंग्रजी रंगविशेषणे आता रंगापेक्षा वाट सांगण्यासाठी अधिक कामी येतात. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो मार्गिका नकाशावर निळी आहे, दहिसर पूर्वेहून गुंदवलीला येणारी लाल, अंधेरी पश्चिमेला येणारी पिवळी, आणि आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची, आरे स्थानक वगळता सर्व स्थानके जमिनीखाली असलेली मार्गिका ‘ॲक्वा’ आहे.

‘ॲक्वा’ हा मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ पाणी. इंग्रजीत तो निळ्या-हिरव्याच्या मधल्या छटेचे नाव झाला. मराठीला अशा छटा परक्या नाहीत, कारण साडीच्या दुकानात त्यांच्या जवळपासचे रंग ‘रामा’, ‘मोरपिशी’, ‘फिरोजी’ म्हणून रोज मागितले जातात. तरीही ही नावे मेट्रोला लागली नाहीत, कारण मार्गिकेच्या नावातले विशेषण छटेचे वर्णन करत नाही, तर एक मार्गिका दुसरीपासून वेगळी ओळखू यावी एवढेच पाहते.

घाटकोपरहून आरेला निघालेल्या नवख्या प्रवाशाला ‘ब्लूने जा, मरोळ नाक्याला उतरून खाली ॲक्वा पकडा’ असे सांगितले जाते, तेव्हा वरच्या फलाटावरून भुयारी फलाट गाठेपर्यंत त्याला ॲक्वा म्हणजे नेमका कोणता रंग हे माहीत असण्याची गरज पडत नाही. येथे विशेषण नामाचे काम करते, म्हणजे पुढचा ‘लाईन’ हा शब्द गळतो, त्याचे स्त्रीलिंग मात्र मागे उरते, म्हणून ‘ॲक्वा आली’ असे म्हटले जाते, आणि ‘ने’ हा प्रत्यय थेट विशेषणाला लागतो. ही सवय मेट्रोने लावलेली नाही. ‘बोरिवली फास्ट सुटली’, ‘स्लोने गेलो’ असे बोलणाऱ्या लोकलच्या प्रवाशांनी ती आधीच रुळवली होती.

मराठी विशेषण येथे मागे का पडते, याचे एक कारण रूपविचारात, म्हणजे शब्दाची रूपे कशी बदलतात या विचारात सापडते. ‘निळा’, ‘पिवळा’ ही विकारी विशेषणे लिंगवचनानुसार बदलतात, आणि ‘निळीने’ म्हटले की कपड्यांना घालायची नीळही डोळ्यांपुढे येते; ‘ब्लू’ आणि ‘ॲक्वा’ मात्र आहेत तशीच राहून प्रत्यय घेतात. अर्थात ‘लाल’ हे अविकारी असूनही बोलण्यात ‘रेड’ ऐकू येते, यावरून व्याकरणाच्या सोयीइतकाच लोकलच्या जुन्या वळणाचाही या वापरात वाटा आहे, असे म्हणता येते.