विसरलेले खेळाडू

प्रत्येक घराला कांहीं ना कांहीं व्यसन असतें. कोणाकडे पत्त्यांचा डाव, कोणाकडे पानसुपारी, तर कोणाकडे शेजारपाजारच्या सोयरिकींची चर्चा. आमच्या घरचें व्यसन त्या मानानें निरुपद्रवी आहे. भंडाऱ्यास मार्गशीर्ष-पौषांत थंडी बरीच पडते. वैनगंगेवरून येणारा वारा दिवेलागणीनंतर कोणास अंगणांत बसूं देत नाहीं. अशा वेळीं आंतल्या खोलींत सारी मंडळी जमली, कीं आम्ही एखादा प्रश्न टाकतों. प्रश्न क्रिकेटचा, आणि शक्यतों अशा खेळाडूविषयींचा, कीं ज्याचें नांव आतां फारसें कोणी घेत नाहीं.

"कसोटी सामन्यांत हिंदुस्थानच्या वतीनें पहिला चेंडू कोणीं खेळला?" हा आमचा हुकमी प्रश्न. नवा पाहुणा हटकून सी. के. नायडूंचें नांव घेतो. नायडू हे १९३२ सालीं लॉर्ड्सवर आपल्या संघाचे पहिले कर्णधार होते. शिवाय ते जन्मानें नागपूरचे, म्हणजे आमच्यापासून सुमारें चाळीस मैलांवरचे. तेव्हां पाहुण्याचा तर्क अगदींच टाकाऊ नसतो, पण चुकतो. तो चेंडू खेळला जनार्दन नवले यांनीं. हें उत्तर ऐकून पाहुण्याच्या मुद्रेवर जें आश्चर्य उमटतें, तें पाहण्यांत आम्हांस काय सुख वाटतें, तें सांगून समजावयाचें नाहीं. आमच्या सौभाग्यवती याला सुख न म्हणतां गर्व म्हणतात. दोन्ही शब्दांत फार अंतर आहे, असें आम्हांसहि आतां वाटत नाहीं.

हे नवले पुणें जिल्ह्यांतील फुलगांवचे. यष्टिरक्षण करीत आणि सलामीस खेळावयास जात. लॉर्ड्सवरील त्या सामन्यांत त्यांच्या धांवा पहिल्या डावांत १२ आणि दुसऱ्या डावांत १३. पुढें १९३३ च्या डिसेंबरांत मुंबईस, हिंदुस्थानच्या भूमीवर झालेल्या पहिल्या कसोटी सामन्यांत ते खेळले, आणि तेथेंच त्यांची कसोटी कारकीर्द संपली. उतारवयांत त्यांनीं एका साखर कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी केली आणि पुण्यांत दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दिवस काढले. १९७९ सालीं ते वारले. ज्यानें आपल्या देशाच्या कसोटी-इतिहासाचें दार उघडलें, त्याच्या नशिबीं शेवटीं दुसऱ्याच्या दाराची राखण आली.

नवल्यांच्या मागोमाग आम्ही दत्ताराम हिंदळेकरांचा प्रश्न विचारतों. तेहि यष्टिरक्षकच. १९४६ सालीं मँचेस्टरच्या कसोटींत हिंदुस्थानचे नऊ गडी बाद झाले होते. पराभव समोर उभा होता. त्या वेळीं रंगा सोहोनी आणि हिंदळेकर या शेवटच्या जोडीनें तेरा मिनिटें किल्ला लढवून सामना वांचविला. तेरा मिनिटें म्हणजे आपल्याकडे एक चहा होण्यास लागणारा वेळ. पण अशा प्रसंगीं ती एका आयुष्याएवढी लांब होत असली पाहिजेत. हिंदळेकर मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्यें नोकरी करीत. त्या दौऱ्यानंतर तीन वर्षांच्या आंतच, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, ते निवर्तले.

नायडू मात्र स्मरणांत राहिले, आणि तें योग्यच झालें. १९२६ सालीं मुंबईस गिलिगनच्या इंग्रज संघाविरुद्ध त्यांनीं केलेल्या १५३ धांवा, त्यांतील ते अकरा षट्कार, यांची कथा आमच्या वडिलांनीं आम्हांस इतक्या वेळां सांगितली, कीं तो सामना आम्हीच पाहिला, असा आम्हांस कधीं कधीं भास होतो. त्यांना होळकरांच्या दरबाराचा आश्रय मिळाला, सैन्यांत हुद्दा मिळाला. गुण असून आश्रय मिळणें आणि गुण असून पगारासाठीं राबावें लागणें, यांत जो फरक आहे, तोच पुढें कीर्तीच्या वांटणींतहि उतरतो.

इंग्लंडांत तर हा फरक राजरोस पाळला जाई. हौसेनें खेळणारे 'जेंटलमेन' आणि पैसे घेऊन खेळणारे 'प्लेअर्स'. दोघांचा आपसांत सामना होई, आणि अनेक मैदानांवर त्यांच्या खोल्या आणि आंत येण्याचीं दारेंहि वेगळीं असत. १९६२ सालीं हा भेद त्यांनीं मोडला. आपल्याकडे असा छापील नियम नव्हता. पण छापील नियमांवांचून भेद पाळण्यांत आपला हात कोण धरील?

याचें उदाहरण म्हणजे बाळू पालवणकर. धंदेवाईक खेळाडूंच्या प्रश्नांत आमचें सर्वांत आवडतें नांव हेंच. बाळूंचा जन्म १८७६ चा. वडील लष्करांत चाकरीस. पुण्यास पारशी खेळाडूंच्या एका क्लबांत मैदान झाडणें आणि खेळपट्टीवर रूळ फिरविणें, हें बाळूंचें पहिलें काम. पगार महिना तीन रुपये. पुढें इंग्रजांच्या पूना क्लबांत ते चार रुपयांवर गेले. तेथें जाळें लावणें, पट्टी राखणें आणि साहेबलोकांच्या सरावासाठीं गोलंदाजी करणें, हीं कामें. ग्रेग नांवाचा मोठा नामांकित फलंदाज तेथें तासन् तास बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाळूंनीं बाद केलें, कीं तो प्रत्येक खेपेस आठ आणे देई, असें सांगतात. साहेबांनीं गोलंदाजी पुष्कळ करून घेतली. फळी मात्र बाळूंच्या हातीं कधीं दिली नाहीं. फलंदाजी हें सरदारांचें काम!

पुण्याच्या हिंदू क्लबानें इंग्रजांशीं सामने घेतले, तेव्हां या डावखुऱ्या गोलंदाजावांचून चालणार नव्हतें. पण बाळू जातीनें चांभार. तेव्हां मैदानावर चेंडू एकच, आणि चहाच्या वेळीं पंक्ति वेगळी, अशी तोड निघाली. त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यांत जाई. ज्या हातांनीं घेतलेले बळी सर्वांना हवे होते, त्या हातांना कपबशी लागलेली चालत नव्हती.

१९०६ सालीं मुंबईस हिंदू संघानें युरोपियनांचा १०९ धांवांनीं पराभव केला, तेव्हां त्या संघांत बाळू होते आणि त्यांचे बंधु शिवरामहि होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांचा संघ विलायतेस गेला. तो संघ बहुतेक सामने हरला. पण बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ बळी मिळविले. एवढें करूनहि हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांना लाभलें नाहीं. पुढें १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल यांना तें मिळालें. विठ्ठलरावांनीं आपलें क्रीडाजीवन मराठींत लिहून १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. तरीहि आमच्या पिढींतील किती घरांत तें वाचलें गेलें? २००२ सालीं रामचंद्र गुहा यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला, तेव्हां कोठें सुशिक्षितांस बाळूंची पुन्हा आठवण झाली.

बाळूंचा एक धागा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. तरुणपणीं ज्यांना बाळूंचा अभिमान वाटे, त्या डॉ. आंबेडकरांविरुद्धच १९३७ सालीं बाळू काँग्रेसच्या वतीनें मुंबईंत निवडणुकीस उभे राहिले आणि सुमारें दोन हजार मतांनीं हरले. पुढें १९५४ सालीं डॉ. आंबेडकर आमच्या भंडाऱ्यांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले, आणि येथें त्यांच्याच वांट्यास पराभव आला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. बाळूंचा पराभव करणाऱ्या महापुरुषाचा पराभव आमच्या गांवानें केला, असें कोडें आम्ही घालीत असूं, आणि स्वतःच्या चातुर्यावर खूष होत असूं.

गेल्या पौषांत हेंच कोडें आम्हीं घातलें. आमच्या नातीनें नेहमीप्रमाणें मोबाईलमध्यें डोकावून उत्तर दिलें. मग बाळूंची सारी हकीकत ऐकून घेतली, आणि विचारलें, "आजोबा, आपल्या गांवांत असा कोणी होता का हो?"

आम्ही 'नाहीं' म्हणणार, इतक्यांत आम्हांस तो आठवला. साठ वर्षांपूर्वीं आमचे वडील ज्या क्लबाचे सभासद होते, त्या क्लबाच्या मैदानावर एक मनुष्य रूळ ओढीत असे. सकाळीं पट्टीवर पाणी मारी, दुपारीं जाळें बांधी, आणि संध्याकाळीं वकील व अंमलदार यांच्या सरावासाठीं गोलंदाजी करी. मोठी मंडळी चहाला गेली, कीं आम्हां मुलांना तो पांच-दहा चेंडू टाकी. "बाबू, पयले हात पाहा, मंग बॉल पाहा," हें त्याचें सांगणें आम्हांस अजून आठवतें. पुढें कॉलेजच्या संघांत आम्हीं ज्या काय थोड्या धांवा केल्या, त्या या एका वाक्यावर केल्या. त्याची कपबशी लिंबाच्या झाडाच्या बेचक्यांत वेगळी ठेवलेली असे. ती आम्हांस रोज दिसत होती. ती वेगळी कां, हें आम्हीं एकदांहि विचारलें नाहीं.

त्याचें नांव काय, असें नातीनें विचारलें. आम्हांस तें सांगतां येईना. सारे त्याला 'माळी' म्हणत. आम्हीहि म्हणत असूं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मैदानाकडे गेलों. रूळ तेथेंच कुंपणाशीं गंजत पडला आहे. तेथून त्याच्या वस्तींत जाऊन दोन-चार वृद्धांस विचारलें. एकानें एक नांव सांगितलें, दुसऱ्यानें दुसरेंच. त्याचें घर पुष्कळ वर्षांपूर्वीं विकलें गेलें आणि मुलें पोट भरण्यासाठीं नागपुराकडे गेलीं, एवढ्यावर मात्र सर्वांचें एकमत झालें. पुण्याच्या क्लबांतील तीन आणि चार रुपयांचा हिशेब आम्हांस तोंडपाठ; आमच्याच गांवच्या या माणसास महिना काय मिळे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. बाळूंच्या मातीच्या भांड्याविषयीं आम्ही वर्षानुवर्षें हळहळत आलों, आणि लिंबाच्या बेचक्यांतील ती कपबशी आम्हीं रोज पाहिली होती!

विसरण्याचा दोष आपण नेहमीं काळावर टाकतों. पण जें नांव आपण कधीं विचारलेंच नाहीं, तें काळानें पुसलें, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

आमचे प्रश्न अद्यापि चालू आहेत. इतक्या वर्षांचें व्यसन सुटत नाहीं. मात्र नातीनें आतां एक वही घातली आहे. तींत आपल्याच जिल्ह्यांतील पहिलवान, हुतुतूचे गडी, शंकरपटांत बैल हांकणारे, यांचीं नांवें ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून लिहिते. पहिल्या पानावर तिनें 'क्लबाच्या मैदानावर गोलंदाजी करणारे' एवढेंच लिहिलें असून पुढें जागा सोडली आहे. येत्या महिन्यांत आम्ही नागपुरास जाणार आहों. त्याच्या मुलांचा कांहीं ठावठिकाणा लागतो का, तें पाहावयाचें आहे.