पलटणीनंतरची ड्युटी

माझ्या आजोबांच्या, आबांच्या, आयुष्याचे मी मनात दोन भाग केले होते. पहिला भाग सैनिकाचा आणि दुसरा पोटापाण्याचा. पहिल्यावर मी शाळेत निबंध लिहिला, कॉलेजात भाषण केलं, पुढे एका मासिकात लेखही दिला. दुसऱ्याबद्दल कोणी विचारलंच, तर "नंतर रेल्वेत होते" एवढं सांगून मी मोकळी व्हायचे. आज मला हे दोन भाग वेगळे वाटत नाहीत. त्यांच्या मोठेपणाचं माप काढायचं झालं, तर मी आता दुसऱ्या भागापासून सुरुवात करीन. मत एवढं का पालटलं, ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे.

निफाड तालुक्यातल्या आमच्या विंचूरच्या पोरांना लढाईच्या गोष्टी लहानपणापासून ऐकायला मिळतात. सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचं हे गाव. १७६१ साली पानिपतावर त्यांचं घोडदळ होतं, हे आमच्याकडे घरोघर माहीत असतं. अशा गावातला एक तरणा पोरगा, म्हणजे आबा, १९६२च्या चीनयुद्धानंतर भरतीच्या रांगेत उभा राहिला, मराठा लाइट इन्फंट्रीत निवडला गेला, बेळगावच्या केंद्रात घडला आणि १९६५ साली पश्चिम सरहद्दीवर गेला. समर सेवा स्टार आणि १९६५चं रक्षा पदक आमच्या ओसरीवर काचेच्या चौकटीत होतं. पाहुणा आला की त्याची नजर आधी तिकडेच जायची. माझीही नजर त्याच चौकटीत घडली.

पलटणीतून सुटल्यावर आबा रेल्वेत लागले. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी जागा राखीव असतात. 'क' गटात १० टक्के आणि पूर्वीच्या 'ड' गटात २० टक्के. त्यामुळे फौजेतून थेट रुळांवर आलेली माणसं सगळ्या देशात सापडतात. आबा आधी रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत गँगमन होते, मग कीमन झाले, शेवटी मुकादम. विंचूरहून लासलगाव स्टेशन पाच-सहा किलोमीटर. ते सायकलने जायचे. निफाड, उगाव, लासलगाव, समिट, मनमाड ही स्टेशनांची नावं मी पाढ्यांच्या आधी शिकले, कारण आबा रात्री निजताना तीच सांगायचे.

२०१५ साली १९६५च्या युद्धाला ५० वर्षं झाली. देशभर कार्यक्रम चालू होते. एका मासिकासाठी मी आबांच्या आठवणी रेकॉर्ड करायला बसले. माझे सगळे प्रश्न लढाईचे होते. आबांनी लढाईचं थोडक्यात आटोपलं. कुठे होतो, कोण गेलं, कोणाला उचलून आणलं. मग म्हणाले, "आता लायनीचं सांगतो," आणि चहा दोनदा होईपर्यंत बोलत राहिले. लेख लिहिताना लढाईचा भाग मी घेतला, लायनीचा बाजूला ठेवला. तेव्हा मला तेच रास्त वाटत होतं. वाचकाला सैनिक हवा होता आणि सैनिक माझ्यापाशी होता.

आबा गेल्यावर ते रेकॉर्डिंग मी पुन्हा ऐकलं. माझं मत बदलायला तिथून सुरुवात झाली.

कीमनचं काम ते किती बारकाव्याने सांगत होते! रोज सकाळी हातोडा, पाना, लाल आणि हिरवी झेंडी, फटाक्यांची डबी घेऊन निघायचं. डबल लाइन असल्यामुळे एका लाइनने जायचं, दुसरीने यायचं. प्रत्येक स्लीपरवरची, रूळ घट्ट धरणारी चावी बघायची. सुटलेली दिसली की ठोकून बसवायची. रुळांचे सांधे जोडणाऱ्या फिशप्लेटचा बोल्ट ढिला असेल तर कसायचा. "हातोडी मारली की रूळ बोलतो, पोरी. चांगला रूळ खणखण बोलतो, आजारी रूळ दबका बोलतो."

मग आबा थंडीवर आले. निफाड तालुक्यातली थंडी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरतो. मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्या थंडीने द्राक्ष तडकतं हे मला कळत होतं. पोलादही तडकतं, हे आबांकडून कळलं. लोखंड थंडीत आखडतं. १३ मीटरचा एक रूळ ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ६ मिलिमीटर लांब किंवा आखूड होतो. पूर्वी रुळांच्या सांध्यात त्यासाठी फट ठेवत. पुढे रूळ जोडून लांबच लांब झाले. आता ते आखडू पाहतात, पण जागा मिळत नाही. ताण साठत जातो आणि एखाद्या कच्च्या जोडावर पहाटेच्या सुमारास रूळ तुटतो. म्हणून हिवाळ्यात रात्रीची गस्त असते. उन्हाळ्यात उलट भीती. तापलेला रूळ पसरायला बघतो आणि वाकडा होतो, म्हणून भर दुपारी गस्त. पावसाळ्यात भराव खचतो, मोरीवरून पाणी जातं, म्हणून पुन्हा रात्रीची गस्त. शेतकऱ्याला जसे तीन हंगाम, तसे गस्तवाल्याला. गस्तीचं पुस्तक स्टेशनमास्तरकडे द्यायचं, सही घ्यायची, परत फिरायचं.

अशाच एका पहाटे त्यांना रूळ तुटलेला सापडला. मी रेकॉर्डिंगमध्ये दोनदा मागे जाऊन ते ऐकलं, कारण आबा ज्या आवाजात चावी ठोकायचं सांगत होते, त्याच आवाजात हेही सांगत होते. तुटलेल्या जागेपासून गाडीच्या दिशेने पळायचं. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बांधायचा, चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारा. पुढे १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. लाल बत्ती हलवत राहायची. "मालगाडी होती, कांद्याची. थांबली. तुटल्या जागी जॉगल प्लेट लावली. सावकाश सोडली." पुढच्या वाक्यात ते मुकादमाच्या डब्यातल्या भाकरीवर आले होते.

या प्रसंगाने मी हलले, पण मत पालटलं ते त्यानंतरच्या बोलण्याने. मी विचारलं होतं, "आबा, फौज सोडून हे काम करताना वाईट नाही वाटलं?" ते म्हणाले, "सरहद्दीवर आम्ही मिलिटरी स्पेशलने गेलो. रात्रीची गाडी. खिडकीतून बघावं तर लायनीच्या कडेला मधूनच एक माणूस उभा. हातात बत्ती. गाडी जाईस्तोवर उभा. आम्ही म्हणायचो, हा इथं अंधारात काय करतो? नंतर तो माणूस मीच झालो. मग कळलं तो काय करत होता."

हे वाक्य २०१५ साली माझ्या कानावरून गेलं होतं. आता ते जागेवर बसलं. मी आबांकडे चौकटीतल्या पदकांच्या बाजूने बघत होते. ते स्वतःकडे गाडीच्या खिडकीतून बघत होते आणि त्यांना दोन्ही माणसं एकाच लढाईत दिसत होती. आघाडीवरच्या जवानाला गोळी, भाकरी आणि पट्टी पोहोचते ती कोणीतरी रूळ राखतो म्हणून. याची किंमत रेल्वेच्या माणसांनी जिवानेही दिली आहे. ९ सप्टेंबर १९६५ रोजी राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातल्या गडरा रोडजवळ, सरहद्दीकडे रसद नेणारा मार्ग चालू ठेवताना पाकिस्तानी विमानांच्या हल्ल्यात १७ रेल्वे कर्मचारी मारले गेले. त्यांचं स्मारक तिथे आहे. १९६५वर मी इतकं लिहिलं, बोलले. या १७ जणांचा उल्लेख माझ्या एकाही ओळीत नव्हता.

यावर कोणी म्हणेल, फौजेत जीव पणाला लागतो, रेल्वेत पगार मिळतो. दोन्हींची बरोबरी कशी करायची? हे मीही बरीच वर्षं मानत आले. पण लायनीवरचा माणूसही जीव पणाला लावूनच चालतो. डबल लाइनवर एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही. आबांच्या ओळखीचे लोक त्यात गेले. शिवाय लढाई काही आठवडे चालते आणि साऱ्या देशाचे डोळे तिच्यावर असतात. रात्रीची गस्त वर्षानुवर्षं चालते आणि तिच्यावर कोणाचेच डोळे नसतात. कोणी बघत नसताना तीच शिस्त जन्मभर पाळणं मला आता जास्त अवघड वाटतं.

नातवंडांवरची त्यांची मायाही मला याच कामाशी जोडलेली दिसते. रात्रीची गस्त संपवून ते घरी यायचे, चहा घ्यायचे आणि झोपायच्या आधी मला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचे. डोळे लाल असायचे, पण कधी उशीर झाला नाही. माझ्या वडिलांचं शिक्षण रेल्वेच्या पगारावर झालं, माझ्या कॉलेजची फी त्यांच्या फंडातून भरली गेली. आम्ही ज्याला "नंतर रेल्वेत होते" म्हणून उरकत होतो, त्यावर आमचं सगळं घर उभं राहिलं. फौजेचा मान मी कमी करत नाही. आबांनाही ते चाललं नसतं. फौजेने त्यांना जे शिकवलं, ते त्यांनी तीस वर्षं रुळावर वापरलं, एवढंच मला दिसू लागलं आहे.

म्हणून त्यांच्या वर्षश्राद्धाच्या पत्रिकेत "माजी सैनिक आणि रेल्वेचे कीमन" असं दोन्ही लिहा, असा आग्रह मी घरात धरला आणि तो मान्य झाला. गावच्या शाळेत १५ ऑगस्टला माजी सैनिकांचा सत्कार होतो, तो व्हायलाच हवा. त्याच रांगेत लासलगाव-निफाडच्या लायनीवर राबलेले गँगमन आणि कीमनही बसावेत, असं मी शाळेला सुचवलं आहे. फौजेतून लायनीवर आलेली आबांसारखी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या लढाया सगळे विचारतात. तुमच्या घरात असा कोणी असेल, तर त्यांची ड्युटी विचारा. गस्तीची कुठली बीट होती, रात्री किती चालायचे, हातोड्याखाली आजारी रूळ कसा ओळखायचे. आणि त्यांनी सांगितलेलं सगळं लिहून घ्या, त्यातलं काहीही कापू नका.