ही पिन कोणाची?

दिवाळीत आमच्या घरी रुसवेफुगवे होतात ते फराळावरून नव्हे, विजेच्या बोर्डावरून! सिंदीच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीत एक लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड आहे. आकाशकंदील, सूनबाईंचा मिक्सर, चिरंजिवांच्या इंटरनेटची डबी, नातीची दिव्यांची माळ आणि माझा रेडिओ अशी सारी मंडळी त्या एका बोर्डावर बिऱ्हाड करून असतात. कोणीतरी घाईने येते, हाताला लागेल ती पिन उपटते, आपली खोचते, आणि लगेच माडीवरून चिरंजिवांची आरोळी ऐकू येते. पिन उपटणाऱ्याचे उत्तर दर वर्षी एकच असते, "मला वाटलं, माझीच आहे!"

घरची मंडळी या वाक्याला हसतात. मला मात्र हसू येत नाही. कारण हेच वाक्य एकदा मी स्वतः उच्चारले आहे, आणि तेव्हा बंद पडला होता तो मिक्सर नव्हता.

माझी सारी नोकरी संगणकांच्या सहवासात गेली. नवी मुंबईत महापे, ऐरोली या बाजूला मोठमोठी डेटा सेंटरे आहेत. डेटा सेंटर म्हणजे संगणकांची चाळच म्हणा ना! माणसांऐवजी तेथे यंत्रे राहतात, आणि त्यांना आपल्यापेक्षा गार वारा मिळतो, इतकाच फरक. लोखंडी कपाटांच्या रांगा असतात. कपाटातली यंत्रे १९ इंच रुंदीची, एकेक खण पावणेदोन इंचांचा, आणि असे बहुधा ४२ खण. बडी कंपनी अख्खे कपाट घेते आणि स्वतःचे कुलूप ठोकते. लहानसहान गिऱ्हाइके मात्र एकाच कपाटात दोन-चार खण भाड्याने घेऊन राहतात. चाळीत जसा नळ सामाईक, तशी येथे विजेची पट्टी सामाईक. समोरून पाहावे तर सगळे कसे टापटीप. पण मागचे दार उघडले की काळ्या वायरींचे जंजाळ!

२००८ साली एका रात्री अशाच एका सामाईक कपाटातून आमचे जुने यंत्र काढायला मी गेलो. काम दहा मिनिटांचे. यंत्रापासून निघालेली वायर नजरेनेच खाली पट्टीपर्यंत नेली, म्हटले हीच ती, आणि पिन ओढली. आमच्या यंत्राचा पंखा फिरतच राहिला. वरच्या खणातला मात्र थांबला.

ती शांतता मला अजून आठवते. मी झटकन पिन पुन्हा खोचली. दिवा लागला, पण असे यंत्र एकदा अचानक विझले की लगेच कामाला लागत नाही. आपल्या पोटातले सगळे ठीक आहे ना, हे ते आधी तपासत बसते. वरच्या खणावर चिठ्ठी होती, म्हणून कळले की यंत्र एका रुग्णालयाचे होते.

आसपास कोणी नव्हते. कॅमेरा होता, पण कपाटाची पाठ त्याला दिसत नव्हती. मनात जो विचार आला तो सांगायला लाज वाटते, पण सांगतो. दार लावावे आणि मुकाट्याने निघून जावे! यंत्रे काय, अधूनमधून बंद पडतातच.

त्या वेळी मला बाबा आठवले.

बाबा सिंदी स्टेशनच्या केबिनमध्ये लिव्हरमन होते. १८६७ मध्ये ज्या मार्गाने आगगाडी नागपूरला पोहोचली, त्याच मार्गावरचे हे आमचे स्टेशन. केबिनमध्ये लिव्हरांची रांग असे, थांबण्याच्या सिग्नलांचे लाल, सांध्यांचे काळे. हाताच्या घामाने गंज चढू नये म्हणून बाबा फडक्यानेच लिव्हर धरीत. लिव्हरांची आपसांत अशी साखळी असते की एक ओढला तर त्याच्या विरोधातला हलतच नाही. मात्र लाइनीवर गाडी उभी आहे, हे त्या जुन्या लिव्हरांना कळत नसे. ते माणसाने लक्षात ठेवायचे. आणि माणूस तर विसराळू! म्हणून लाइनीवर गाडी असली की तिथल्या सिग्नलच्या लिव्हरवर एक लोखंडी कडे चढवायचे. त्याला कॉलर म्हणतात. कडे आहे तोवर लिव्हरची मूठ दाबता येत नाही.

एका रात्री बाजूच्या लाइनीवर मालगाडी उभी असताना, झोपेच्या गुंगीत, बाबांचा हात सवयीने त्याच लिव्हरवर गेला. बोटांना कडे लागले आणि हात थांबला. सकाळी घरी येऊन त्यांनी आईला सांगितले, "आज कॉलरनं वाचोलं." स्टेशनमास्तरांनाही त्यांनी आपणहून सांगितले होते. मी विचारले, "काही झालंच नाही, तर सांगितलं काहून?" बाबा म्हणाले, "हात आंधळा असते, बाबू. त्याले सवय कळते, गाडी नाई कळत. आन् चूक लपोली त थेच उद्या दुसऱ्याच्या हातून होते."

मी ड्यूटीच्या टेबलाशी गेलो. वेळ, कपाटाचा नंबर आणि माझे नाव नोंदवहीत लिहिले, आणि रुग्णालयाच्या संगणक पाहणाऱ्या गृहस्थांना फोन लावला. "मला वाटलं, माझीच आहे," एवढेच मला बोलता आले. तिकडे रक्ताच्या तपासणीचे अहवाल अडकले होते. प्रयोगशाळेतल्या बाई हाताने लिहून ते वर पाठवीत होत्या. चाळीस मिनिटांनी यंत्र सुरू झाले. ते गृहस्थ रागावले, मग म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर रात्रभर आम्ही आमच्याच यंत्रात दोष शोधत बसलो असतो."

त्या दिवसापासून मी वायरींना 'कॉलर' घालू लागलो. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नावाची चिठ्ठी. विजेच्या दोन पुरवठ्यांना दोन रंग. धक्क्याने निसटू नये म्हणून खटक्याची पिन. आणि पिन काढण्यापूर्वी हात यंत्रापासून वायरीवरून सरकत पट्टीपर्यंत न्यायचा, नंबर मोठ्याने म्हणायचा, सोबत्याने तो परत म्हणायचा. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक सिग्नल पाहून एकमेकांना सांगतात ना, अगदी तसेच. 'सावधान'ची पाटी मी कधी लावली नाही. बाबांच्या केबिनमध्येही नुसत्या पाटीवर भरवसा नव्हता, कडे होते. चिठ्ठी आपल्या वायरीला असते, पण ती असते शेजाऱ्यासाठी. त्याच्या हातून नकळत काही घडू नये म्हणून!

आता निवृत्त होऊन मी सिंदीला आलो आहे. यंदा वसुबारसेला बोर्डावरच्या सगळ्या पिनांना मी चिठ्ठ्या बांधल्या. सौ. म्हणाल्या, "घराची कचेरी केलीत!" मी गप्प बसलो.

संध्याकाळी नात आपली माळ घेऊन आली. जागा एकही रिकामी नव्हती. तिने एका पिनेला हात घातला, चिठ्ठी उलटी होती ती सुलटी केली, आणि आत वळून विचारले, "आबा, तुमचा रेडिओ काढू का?"

मी म्हटले, "काढ."