कुसुंबी म्हणजे नेमका कोणता?

मराठीतली रंगांची नावे एकत्र मांडून पाहिली तर त्यांची दोन घराणी दिसतात. अबोली, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी ही नावे साम्यावरून पडली. अबोली लुगडे अबोलीच्या फुलांत बुडवलेले नसते. डाळिंबाच्या सालीने तर कापडाला पिवळट रंग चढतो. गेरवा, किरमिजी, कुसुंबी ही नावे मात्र रंग ज्या वस्तूतून आला तिची आहेत. गेरू ही माती, किरमिज हा किडा आणि कुसुंबा हा करडईच्या फुलांचा रंग. पहिल्या घराण्यातली नावे पाहणाऱ्याने ठेवली, दुसऱ्यातली रंगवणाऱ्याने.

हा भेद निव्वळ शाब्दिक नाही, हे मला आमच्या औशाच्या घरात जाणवले. आजी गेल्यावर तिची ट्रंक उघडली. 'माझे कुसुंबी लुगडे धाकटीला द्या,' असे ती सांगून गेली होती. आईने एका गुलाबी लुगड्यावर बोट ठेवले, थोरल्या आत्याने लाल लुगड्यावर, आणि मला नारिंगीकडे झुकणारे तिसरेच कुसुंबी वाटले. शेवटी धाकट्या आत्याने त्यांतले एक उचलले. ते आजीच्या मनातले होते की नाही, हे आता कळण्याची सोय नाही. तिन्ही लुगडी गिरणीत रंगवलेली होती. करडईचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. आणि त्या काळ्या जमिनीत करडईची पिढ्यान्‌पिढ्या पेरणी करणाऱ्या आमच्या घरात या शब्दाचा त्या पिकाशी संबंध आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

कुसुंब्याची कृती पुढे वाचनात आली. करडईच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो. तांबडा, म्हणजे कार्थमिन, साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. रंगारी पाकळ्या पुन्हा पुन्हा धुऊन पिवळा काढून टाकीत, मग क्षाराच्या पाण्यात तांबडा उतरवीत आणि लिंबासारख्या आंबटाने तो कापडावर बसवीत. हलका हात दिला तर गुलाबी, गडद दिला तर लाल आणि पिवळ्याची साथ राहिली तर नारिंगी. शिवाय हा रंग उन्हात आणि साबणात उडतो. म्हणजे आम्ही तिघेही आपापल्या जागी बरोबर होतो. कुसुंबी ही एक छटा नव्हेच. ती एका द्रव्याची आणि एका कृतीची खूण होती.

रसायनशास्त्राने रंगांची वाटणी अधिक काटेकोर केली. विरघळून धाग्याला धरते ते रंजक. न विरघळता कणांच्या रूपाने बसते ते रंगद्रव्य. करडई पहिल्यात, गेरू दुसऱ्यात. रंजकांचे पुन्हा लावण्याच्या पद्धतीनुसार वर्ग पडतात: ऍसिड, डायरेक्ट, मॉर्डंट, व्हॅट इत्यादी. 'व्हॅट' म्हणजे रंगाऱ्याचे पिंप. भांड्याचेच नाव वर्गाला मिळाले. ब्रॅडफर्डच्या सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्सने १९२४ मध्ये 'कलर इंडेक्स' काढला. त्यात आज कृत्रिम नीळ 'व्हॅट ब्लू १' आहे, तर करडईचा तांबडा 'नॅचरल रेड २६', क्रमांक ७५१४०.

या आकड्यांना नीरस म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. पण त्यांची गरज खरी होती. एकच रंजक प्रत्येक कारखाना वेगळ्या नावाने विकी. १८५९ च्या सुमारास निघालेल्या फुक्सिनला त्याच वर्षीच्या इटलीतील लढाईवरून 'मॅजेंटा' हे नाव चिकटले. आपल्या कापडदुकानांत त्याच छटेला 'राणी' म्हणतात. लढाई आणि राणी, दोन्हींवरून आत काय आहे ते कळत नाही. 'शेंदरी' म्हणताना शेंदरातले शिसे दिसत नाही. 'पिग्मेंट रेड १०५' या नोंदीत ते लपून राहत नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. इंडेक्स कृत्रिम रंजकांना कृतीप्रमाणे वेगळे करतो आणि झाडांचे रंग मात्र 'नॅचरल' या एकाच पोत्यात भरतो. रंगाऱ्याने असे कधी केले नसते. निळीला पिंप लागते, मंजिष्ठेला तुरटी, करडईला क्षार आणि आंबट. सोलापूर-नगरकडे निळीचे काम करणाऱ्यांची निराळी ही जातच वेगळी होती. अर्थात तिथे रंगांचे वर्गीकरण माणसांच्या जन्मावर लादले गेले, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाता येणार नाहीत. ज्ञान जातीत कोंडले गेले, म्हणूनच तो व्यवसाय बुडाला तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याकडेही त्यातले काही उरले नाही.

औशाच्या शिवारात आता सोयाबीनच अधिक. करडई जिथे आहे तिथे ती तेलासाठी. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एका वाणाचे नाव मात्र 'परभणी कुसुम' आहे, आणि करडईच्या शास्त्रीय नावातल्या 'टिंक्टोरियस'चा अर्थही 'रंगाऱ्याचे' असाच होतो. पीक तेलाचे झाले, त्याची नावे अजून रंगाची आहेत. ती नावे वाचता येणे एवढे तरी आपल्या हाती आहे.