फटफटीचा आवाज आणि रात्रीची झोप : पालघर ते तारापूर

विरार मागे पडले आणि वैतरणेचा पूल ओलांडला की गाडीच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश बदलतो. इमारतींची दाटी विरळ होते, भातखाचरे आणि ताडाची झाडे दिसू लागतात. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर. डोळ्यांना हा प्रवास सुखावतो. पण हाच प्रदेश कानांनी पाहिला तर निराळे चित्र उभे राहते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पुढे कोळगाव येथे जिल्हा मुख्यालय उभे राहिले आणि पालघर-बोईसर रस्त्याचे महत्त्व वाढले. या रस्त्यावर रिक्षा, टेंपो, कारखान्यांचे मालट्रक आणि कामगारांच्या बसगाड्या दिवसभर धावतात. त्यांच्या एकसुरी घरघरीची कानाला थोडीफार सवय होते. सवय होत नाही ती एका आवाजाची. रात्री अकराच्या सुमारास एखादी मोटारसायकल पुंगळी काढून किंवा बदलून गल्लीतून जाते, आणि नुकताच डोळा लागलेले आजोबा दचकून उठून बसतात. बाजारपेठेच्या प्रत्येक गावात आज हा अनुभव येतो.

आपल्या पिढीने मोटारसायकलला ‘फटफटी’ म्हटले. त्या नावातच तिचा आवाज आहे. पूर्वी गावात एखादीच फटफटी असे. ती कोणाची आणि कुठे निघाली हे आवाजावरून कळे, आणि त्यात कौतुकही असे. आज दारोदारी वाहन आहे. म्हणून एकाची हौस ही शंभर घरांची जाग ठरते.

हा आवाज येतो कोठून? इंजिनात इंधन जळते, वायू प्रचंड दाबाने फुगतो आणि दट्ट्याला ढकलतो. काम झाल्यावर झडप उघडते आणि उरलेला दाब नळीत एकदम सुटतो. तो प्रत्येक वेळी एक छोटा स्फोटच असतो. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा असा धक्का बसतो. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला पंचवीस धक्के बाहेर पडतात. सायलेन्सर ते धक्के अडवून धरत नाही, कारण वायू कोंडला तर इंजिनच गुदमरेल. तो वायूला पसरायला जागा देतो. अरुंद नळीतून मोठ्या पोकळीत शिरताना दाबाची लाट मंदावते. तिचा काही भाग मागे परततो आणि येणाऱ्या लाटेला छेद देतो. नळीला बारीक भोके पाडून भोवती काचलोकर भरली, तर कर्कश, उंच पट्टीचा आवाज तिथे शोषला जातो. खालच्या पट्टीची घुमक मात्र लोकरीने भागत नाही, तिला मोठी पोकळी लागते.

या जिल्ह्यातील माणसाला हे तत्त्व परके वाटू नये. वारली समाजाचा तारपा आठवावा. वाळलेल्या दुधीचा पोकळ भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला पानांचा कर्णा. फुंकर तीच, पण पोकळी आणि नळी यांच्या मापाने तिचा सूर होतो आणि दूरवर पोहोचतो. तारपा करणारा पोकळीचा उपयोग आवाज फुलवण्यासाठी करतो, सायलेन्सर करणारा तो विझवण्यासाठी करतो. हवेचे शास्त्र एकच.

वेगाच्या हौशीला शेजाऱ्याच्या झोपेपुढे नमते घ्यावे लागले, याचे एक जुने उदाहरण इंग्लंडात आहे. १९०७ साली वेब्रिजजवळ ब्रुकलँड्स हा मोटारशर्यतींसाठी खास बांधलेला काँक्रीटचा ट्रॅक सुरू झाला. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस एस. एफ. एज याने आपली नेपियर गाडी तेथे सलग चोवीस तास पळवली. आसपासच्या रहिवाशांनी तक्रारी केल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि रात्री गाड्या पळवण्यास मज्जाव झाला. पुढे १९२०च्या दशकात तेथे धावणाऱ्या गाड्यांना मोठ्या डब्यासारखा सायलेन्सर सक्तीचा झाला. तो ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. माशाच्या शेपटीसारखे त्याचे पसरट तोंड आजही जुन्या गाड्यांच्या छायाचित्रांत दिसते. १९२९ साली तेथे चोवीस तासांची शर्यत ठरली, तेव्हा ती दोन दिवसांत बारा-बारा तास अशी विभागण्यात आली. रात्रभर गाड्या कुलपात बंद राहिल्या. शर्यतीचे नावच ‘डबल ट्वेल्व्ह’ पडले.

त्या काळातील शर्यतीच्या गाड्या आजही हौसेने जपल्या आणि पळवल्या जातात, पण ट्रॅकच्या आवाजमर्यादा पाळूनच. ब्रिटनमधील अनेक ट्रॅकवर गाडी उभी करून, इंजिन बऱ्याच वेगाने फिरवून, नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मोजणी होते. १०५ डेसिबल ही तेथील एक नेहमीची मर्यादा आहे. मूळच्या उघड्या नळीला मग मोठ्या पोकळीचा डबा जोडावा लागतो, कधी एकामागे एक दोन डबे बसवावे लागतात, आणि जळून झडलेली लोकर पुन्हा भरावी लागते. इंजिनाची थोडी ताकद त्यात खर्ची पडते. मालक ती देतात, कारण मर्यादा मोडली तर गाडी ट्रॅकवर उतरतच नाही.

१०५ हा आकडा वाचून आपण चकित होऊ. पण आवाज अंतराने विरतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे अर्ध्या मीटरवरचे १०५ डेसिबल आठ मीटरवर सुमारे ८१ आणि चौसष्ट मीटरवर सुमारे ६३ उरतात. बोईसरच्या गल्लीत हा हिशेब लागू पडत नाही. तेथे दोन्ही बाजूंना भिंती आहेत, आवाज त्यांवर आपटत पुढे जातो, आणि पहिल्या मजल्यावरची खिडकी नळीपासून जेमतेम चार-पाच मीटरवर असते.

बोईसर हे मुळात कामगारांचे गाव. पलीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, समुद्राकडे अणुवीज केंद्र आहे. देशातील या पहिल्या अणुवीज केंद्राचे काम २८ ऑक्टोबर १९६९ पासून सुरू झाले. त्या काळात या परिसरात नोकरी धरलेली पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. यंत्रांच्या गडगडाटात आयुष्य काढलेल्या अनेकांनी निवृत्तीबरोबर कानांचे दुखणेही घरी आणले आहे. सततच्या मोठ्या आवाजाने येणारे बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेले आहे. आतील कानाच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

‘आजोबांना ऐकूच कमी येते, मग त्यांना आवाजाचा त्रास कसला?’ असे घरोघरी म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे. उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी हरपतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे पुसट होतात, त्यामुळे बोलणे ऐकू येते पण समजत नाही. मागे इंजिनाची घरघर असेल तर उरलेसुरले शब्दही बुडतात. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नसला तरी मोठा आवाज एकदम असह्य वाटतो. श्रवणयंत्र लावलेले असेल तर बोलण्यासोबत गोंगाटही वाढून येतो. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे, त्यांची संध्याकाळची अस्वस्थता अचानक आलेल्या आवाजाने वाढते.

झोपेत तर जाग आली नाही तरी शरीर आवाजाची दखल घेते. नाडी वाढते, रक्तदाब चढतो. अनेक वर्षे असे होत राहिले तर हृदयावर ताण येतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात रात्रीचा वाहतुकीचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवण्याची शिफारस केली. आपल्या देशातील ध्वनिप्रदूषण नियम, २००० हेदेखील निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलचीच मर्यादा सांगतात. दिवसा ती ५५ आहे, औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०.

आवाज विझवण्याची साधने ब्रुकलँड्सच्या काळापासून ठाऊक आहेत, आपल्याकडे त्यांना नियमाचा आधारही आहे. वीज गेली की सोसायटीत आणि दुकानांत सुरू होणाऱ्या डिझेल जनरेटरचेच पाहा. २००५ पासून बनलेल्या, १००० केव्हीएपर्यंतच्या संचांना एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे आणि धूर सोडणाऱ्या नळीला योग्य सायलेन्सर आवश्यक आहे. पण आत गरम होते म्हणून आवरणाची दारे उघडी ठेवली, किंवा नळीचा सांधा फुटका राहिला, तर ही सोय फुकट जाते. सोसायटीच्या बैठकीत एवढ्या दोन गोष्टी तपासायला सांगाव्यात. फुटक्या सांध्यातून केवळ आवाज येत नाही, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही झिरपतो. बंद पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवल्यावर घरात कोणाला डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ होत असेल, तर त्या व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत न्यावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी घरात काही साधे बदल करावेत. ज्येष्ठांचा पलंग रस्त्याकडील भिंतीपासून हलवून मागच्या खोलीत न्यावा. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात सगळ्या खिडक्या बंद करून घेणे धोक्याचे ठरेल, म्हणून रस्त्याकडची बंद आणि मागची उघडी ठेवावी. कापसाच्या बोळ्यांनी फारसे भागत नाही. एकट्या राहणाऱ्या किंवा रात्री हाक ऐकण्याची गरज असलेल्या व्यक्तीचे कान बंद करू नयेत. त्यांच्याशी ओरडून न बोलता समोर बसून, सावकाश बोलावे. कानात सतत गुणगुण होत असेल किंवा बोलणे समजेनासे झाले असेल तर श्रवणतपासणी करून घ्यावी.

शेजारच्या तरुणाशी बोलायचे असेल तर दिवसा, शांतपणे बोलावे. मूळ सायलेन्सर पुन्हा बसवणे हे मेकॅनिकचे थोड्या वेळाचे काम आहे. त्याला सांगावे की तुझ्या गाडीची ऐट आम्हाला दिसते, फक्त रात्री ती ऐकू येऊ नये. तरीही फरक पडला नाही, तर वेळ आणि गाडीचा क्रमांक टिपून पोलिसांकडे तक्रार करता येते. मोटार वाहन कायद्याचे कलम १९० वाहनाच्या आवाजालाही लागू आहे. म्हाताऱ्या माणसांनी यात संकोच बाळगू नये. शांत झोप मागणे म्हणजे कुरकुर नव्हे.

बोईसरहून पश्चिमेला निघाले की कारखान्यांची धुरांडी मागे पडतात आणि तारापूरचा किल्ला लागतो. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून मोठी झुंज देऊन घेतला. त्यापुढे चिंचणीचा विस्तीर्ण किनारा. सुट्टीचा दिवस टाळून एखाद्या सकाळी घरातील ज्येष्ठांना येथे आणावे. ऊन चढण्याआधी सुरूच्या झाडांखाली खुर्ची टाकून द्यावी, पाण्याची बाटली आणि टोपी सोबत असावी. भरतीच्या लाटांची गाज काही कमी नसते, पण ती लयीत येते आणि कोणाला दचकवत नाही. अशा जागी त्यांच्याजवळ बसून बोलावे. गल्लीतल्या गोंगाटात तीन वेळा विचारावे लागणारे वाक्य येथे बहुधा पहिल्याच वेळी कळते.