डोंगरतळ्यातील प्रतिबिंबाचे छायाचित्रण

उत्तराखंडातील देवरिया ताल सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे आणि त्यात उमटणारे चौखंबा शिखर ७,१३८ मीटर उंच. दोहोंमधले सरळ अंतर तीस किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे काठावरून पाहताना चौखंब्याचा माथा क्षितिजापासून जेमतेम नऊ अंश वर दिसतो आणि पाण्यात तो तेवढाच खाली दिसतो. कॅमेरा पाण्यापासून दीड मीटर उंच असेल, तर माथ्याचे प्रतिबिंब साडेनऊ मीटरवरच्या पाण्यात पडते. कॅमेरा फूटभर उंचीवर आणला, तर ते दोन मीटरच्या आत येते. शिखरासाठी विस्तीर्ण सरोवर लागते हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

उलट लहान तळेच सोयीचे. वाऱ्याला लाट उठवायला लांब पट्टा मिळत नाही आणि काठची झाडे आडोसा देतात. पाण्याचा पृष्ठभाग एक अंश कलला, तर परावर्तित किरण दोन अंश वळतो. नऊ अंशांत सामावलेल्या पर्वताला एवढा कल विस्कटून टाकतो. हलक्या तरंगांत प्रतिबिंब आडवे फारसे पसरत नाही, उभे ताणले जाते. निश्चल पाणी हवे असेल, तर सूर्योदयाच्या आसपासची वेळ धरावी. रात्री उतारावरून खाली येणारा गार वारा तेव्हा मंदावलेला असतो आणि दरीतून वर चढणारा दिवसाचा वारा सुरू व्हायचा असतो. शिखरावर ऊन पोचलेले आणि तळे सावलीत, हा थोडा वेळ सर्वांत मोलाचा. ऊन पाण्यावर आले की तळाचा गाळ उजळतो आणि प्रतिबिंब फिके पडते.

सर्वाधिक गैरसमज आहे तो प्रतिबिंबाच्या आकाराबद्दल. पाण्यात दिसते ते वरच्या दृश्याची उलटी प्रत नसते. कॅमेरा पाण्याच्या जितका वर, तितकाच तो पाण्याखाली ठेवला असता जे दिसले असते, ते प्रतिबिंबात दिसते. दूरच्या चौखंब्याला या फरकाने काही होत नाही. समोरच्या काठावरच्या झाडांना मात्र होते. ती पाण्यात पर्वतापुढे अधिक उंच चढतात आणि त्याचा पायथा झाकतात. कॅमेरा जितका वर, तितके हे झाकले जाणे अधिक. म्हणून ट्रायपॉड खाली आणायचा. संगणकावर वरचा अर्धा भाग उलटा करून खाली जोडलेले चित्र याच ठिकाणी उघडे पडते, कारण त्यात झाडे आणि पर्वत दोन्हीकडे तंतोतंत जुळतात. अशा चित्राला निर्दोष म्हणून वाहवा मिळावी आणि खऱ्या छायाचित्रावर, दोन्ही अर्धे जुळत नाहीत म्हणून, संशय घेतला जावा, हे पहाटेच्या थंडीत पाण्याकाठी बसणाऱ्यांवर अन्याय करणारे आहे. छायाचित्र स्पर्धांच्या परीक्षकांनी एवढी भूमिती शिकून घ्यायलाच हवी.

उजेडाचाही हिशेब असतो. सरळ वरून पडलेल्या प्रकाशापैकी पाणी सुमारे दोनच टक्के परत पाठवते. पृष्ठभागाशी दहा अंशांचा कोन असेल, तर पस्तीस टक्के आणि पाच अंशांचा असेल, तर जवळजवळ साठ टक्के. देवरिया तालातला चौखंब्याचा माथा त्यामुळे वरच्या माथ्यापेक्षा साधारण दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) गडद दिसतो. आकाश आवरण्यासाठी चित्राचा फक्त वरचा भाग गडद करणारा तीन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड फिल्टर लावला, तर पाण्यातला बर्फ खऱ्या बर्फापेक्षा उजळ होतो, जे निसर्गात घडत नाही. एक स्टॉपचा फिल्टर पुरतो.

पोलरायझर प्रतिबिंब पुसून टाकतो, हेही अर्धसत्य आहे. तो सर्वांत परिणामकारक ठरतो पृष्ठभागाशी सुमारे सदतीस अंशांच्या कोनात, म्हणजे पायाजवळच्या पाण्यात. नऊ अंशांवर तो प्रतिबिंब पूर्ण पुसू शकत नाही. योग्य दिशेला फिरवला, तर पर्वताच्या तुलनेत ते उलट थोडे उठावदार होते.

शेवटी फोकस. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटलेले नसते; भिंगाच्या दृष्टीने ते पर्वताइतकेच दूर असते. स्वयंचलित फोकस मात्र तरंगत्या पानावर किंवा काठच्या गवतावर अडकतो आणि चौखंबा धूसर येतो. तो बंद करून प्रत्यक्ष शिखरावर फोकस साधावा. गवतही रेखीव हवे असेल, तर एफ ११च्या आसपासचे छिद्र ठेवावे. गवत भिंगाच्या अगदी जवळ असेल, तर तेही पुरत नाही. तेव्हा कॅमेरा न हलवता गवतासाठी एक आणि शिखरासाठी एक अशी दोन छायाचित्रे घेऊन ती नंतर जोडावी लागतात.